तुलनेचं गाव

धुळवाडीच्या मातीचे सहा नमुने जनुकवाचक यंत्रात ठेवून डॉ. हेमलता दाभाडे चहा घ्यायला गेल्या. परत आल्या तेव्हा पडद्यावरचे सहाही चौकोन हिरवे झाले होते. खरं तर त्यातला एकही हिरवा व्हायला नको होता.

"फिरोज, माती घ्यायचा चमचा धुतला नव्हतास," त्या म्हणाल्या.

"तीनदा धुतला, हेमाताई. चौथ्यांदा धुतला असता तर चमचाच उरला नसता." संस्थेचे भूगर्भतज्ज्ञ फिरोज मुलाणी सवयीने हसायला गेले, पण पडद्याकडे पाहून ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

हिरवा चौकोन म्हणजे मातीत जलकवक आहे. हे कवक हेमलताबाईंनीच घडवलं होतं. पिकाच्या मुळांना बिलगून राहणारी ही बुरशी. तिचे केसाहून बारीक तंतू कातळाच्या भेगांत खोलवर उतरतात आणि तिथलं पाणी वर आणून मुळांना पाजतात. बाईंचा सिद्धान्त असा, की पावसाळ्यात हेच तंतू उलटं काम करतात आणि उचललं तेवढं पाणी पुन्हा खाली मुरवून ठेवतात. कवक एकदा मातीत रुजलं की जात नाही, मरत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. भूजीवन संशोधन संस्थेला त्याचाच अभिमान होता. ही संस्था देणग्यांवर चालायची, बिनसाखरेचा चहा आणि न संपणाऱ्या बैठका यांसाठी तालुक्यात ओळखली जायची, आणि पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचं न खाता आजच्यांना जगता यावं एवढ्या एका ध्यासावर तिथली शहाणी माणसं तुटपुंज्या पगारात केस पिकवायची.

एकोणीस वर्षांपूर्वी माणगंगेच्या खोऱ्यातली सत्तेचाळीस गावं निवडली होती. शेहेचाळीस गावांना कवक मिळालं. एकाला मुद्दाम दिलं नाही, कारण तुलनेला कुणीतरी लागतंच. ते गाव ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि पठारावरच्या धुळवाडीची चिठ्ठी हेमलताबाईंच्याच हाताने निघाली होती.

तेव्हापासून धुळवाडी सोवळ्यात होती. संस्थेची माणसं वेशीवर चपला बदलायची. कवकाचा कण चुकून जाऊ नये म्हणून गावात कधी कुदळ नेली नाही, मातीला हात लावला नाही. महिन्यातून एकदा विहिरीत फीत सोडून पाणी मोजायचं आणि परत फिरायचं, एवढाच नेम.

त्या मोजणीचा आलेख संस्थेच्या दिवाणखान्यात टांगला होता. पहिली चार वर्षं कवकाची गावं आणि धुळवाडी यांच्या रेषा जोडीने चालल्या होत्या. कवकाला रुजायला वेळ लागतो, असं हेमलताबाईंनी तेव्हा समजावलं होतं. पाचव्या वर्षी धुळवाडीच्या विहिरी उतरू लागल्या, सहाव्या वर्षी तळ दिसला. शेहेचाळीस गावांची रेषा मात्र आजतागायत तसूभर हलली नव्हती. कवक नसलं की काय होतं ते जगाने पाहिलं. याच आलेखाच्या भरवशावर उद्या सकाळी दहा वाजता राज्यातल्या अकरा हजार गावांवर ड्रोनमधून कवकाचे बीजाणू पडायचे होते. शेवटच्या अहवालावर सही फक्त हेमलताबाईंची राहिली होती.

सगळ्यांत आधी धुळवाडीला तिचा वाटा द्यायचा, असा संस्थेचा नैतिक नियम होता. पेरणीआधीची माती कशी आहे ते नोंदवायला काल पहिल्यांदाच तिथे कुदळ गेली होती.

"जीप काढ," हेमलताबाई म्हणाल्या.

गजराबाई विरकर अंगणात शेंगा फोडत बसली होती. एकोणीस वर्षं तिच्या विहिरीत संस्थेची फीत तीच सोडायची. तिने दोघांना घोंगडं अंथरून दिलं, तांब्यातून अर्धा अर्धा पेला पाणी दिलं. अर्धाच, कारण धुळवाडीत टँकर पाच दिवसांनी यायचा. हेमलताबाईंना तो पेला हातात धरवेना.

"मावशी, खरं सांगा. खालच्या गावातलं कवक तुम्ही इथे आणलंत का?"

गजराबाईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "आनलं की. चोरी न्हाई केली हां! माझं म्हायार खाली वरकुट्यात. तुमच्या पैल्याच वर्साला भावाच्या रानात जवारी अशी डोक्याबराबर. भावजय म्हनली, वन्सं, ईरजान घिऊन जावा. वाटीभर माती दिली तिनं. आमी समद्यांनी वाटून घितली."

"विरजण?"

"मंग काय म्हनायचं त्याला? जरासं लावलं का समद्या रानात लागतंय. ईरजानच की."

"आणि आम्हाला कधी बोलला नाहीत?"

"तुमी एवड्या मनापासनं येताय, वेशीवर चपला बदलताय. आमी बोललो असतो तर तुमचा परयोग बाद झाला असता. पोरीच्या जातीनं एवडी मेहनत केल्याली, कशाला वाटुळं करायचं? म्हनून गप ऱ्हायलो." ती ओशाळून हसली. "तीन वर्सं जवारी लई झाक आली. तुमच्या मानसांनी लिवून घितलं, यंदा पाऊस बरा झाला म्हून. मंग हिरी आटल्या. आमचं नशीबच फुटकं, त्याला तुमचं ईरजान तरी काय करनार?"

हेमलताबाईंना पहिल्यांदा गंमतच वाटली. बिघडलेला प्रयोग, गावाचा भाबडेपणा, उद्याची लांबणारी सही. मग त्यांनी मुलाणींकडे पाहिलं. मुलाणी बोटांवर वर्षं मोजत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हेमाताई, पहिल्या वर्षाअखेर इथे कवक आलं. म्हणजे आपण अठरा वर्षं कवकाची तुलना कवकाशीच करतोय."

"म्हणजे फरक दुसऱ्याच कशाचा असणार. जमिनीचा, उंचीचा."

"साठ्याचा. पठाराखाली भेगांतलं पाणी थोडं आहे. खोऱ्यात चौपट. बाकी सगळं सारखंच, आणि कवकही सारखंच." मुलाणी हळू बोलत होते, जणू आवाज वाढवला तर ते खरं होईल. "ते पाणी हजारो वर्षांत मुरलेलं आहे. तुमचं कवक ते उचलतं, पण परत ठेवत नाही. ठेवत असतं तर धुळवाडी आटली नसती."

"खालच्या विहिरी तर भरलेल्या आहेत!"

"कारण कवक खालून आणून वर भरतंय. डबा रिकामा होईस्तोवर ताट भरलेलंच दिसणार. धुळवाडीतही तीन वर्षं भरलेलंच होतं ना?"

हेमलताबाईंना आलेखाच्या त्या दोन रेषा डोळ्यांपुढे दिसल्या. धुळवाडीची रेषा ही कवक नसलेल्या गावाची कहाणी नव्हती. कवकाची शेवटपर्यंत पोहोचलेली कहाणी तीच होती, आणि बाकीची गावं अजून मधल्या पानांवर होती. एकोणीस वर्षं त्यांनी सगळ्या जगाला ती रेषा उलटी वाचून दाखवली होती. चपला बदलण्याऐवजी एकदा चमचाभर माती उचलली असती तर दुसऱ्याच वर्षी कळलं असतं. स्वतःचा इतका संताप त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

"कवक आल्यापासून धुळवाडी किती वर्षांत आटली?" त्यांनी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"पाच."

"आणि खाली चौपट."

"वीस. त्यातली एकोणीस झाली."

खाली खोऱ्यात शेहेचाळीस गावांचा हिरवा पट्टा उन्हात चमकत होता. डाळिंबाच्या बागा, ऊसही होता मधूनमधून. पाणी आहे म्हटल्यावर लोक ऊस लावणारच. तिथे दीड लाख माणसं राहत होती आणि त्यांच्याजवळ एक उन्हाळा उरला होता. कवक मातीतून काढता येत नाही, हे हेमलताबाईंना पुन्हा एकदा आठवलं. काढता येऊ नये म्हणूनच त्यांनी सात वर्षं खपून ते तसं घडवलं होतं.

पण अकरा हजार गावं अजून बाकी होती. एवढं तरी हातात होतं. त्यांनी संचालक अच्युतराव सरंजामे यांना फोन लावला आणि न थांबता सगळं सांगितलं. सरंजाम्यांनी या कवकासाठी दारोदार झोळी फिरवली होती, पण माणूस सरळ होता.

"थांबा, फोन ठेवू नका," ते म्हणाले. "दुसऱ्या फोनवरून ड्रोनवाल्यांना आत्ताच थांबवतो."

हेमलताबाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं, आणि रडण्याचा आपल्याला काही हक्क नाही असंही वाटत होतं.

"काय झालं वं, ताई?" गजराबाईने विचारलं.

"मावशी, ते विरजण वाईट आहे. पाणी पितं. तुमच्या विहिरी त्यानेच प्यायल्या. आता ते आणखी कुणाला देऊ नका."

गजराबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "आता आनि कुनाला द्यायचं ऱ्हायलंय?"

"म्हणजे?"

"दारात वाटी घिऊन आल्याल्याला ईरजान न्हाई म्हनत्यात व्हय? जी आली तिला दिलं. थोरली लेक जतला दिली, मधली बीडाला, धाकटी पार जालन्याकडं. तिघींच्या ओटीत घातलं. त्यांनी जावांना दिलं, जावांनी म्हायारी. आमचे मेंढकं दरसाल मेंढरं घिऊन कोकनात उतरत्यात, ज्याच्या रानात बसतील त्याला मूठभर देत्यात. खालच्या शेचाळीस गावांतल्या लेकी न्हाईत का सासरी गेल्या? अठरा वर्सं झाली की."

मुलाणींनी डोळे मिटून घेतले.

"हॅलो, हेमलता?" फोनमध्ये सरंजाम्यांचा आवाज परत आला. तो थरथरत होता, पण त्यात सुटकाही होती. "थांबवलं सगळं. सत्तेचाळीस गावांचं पाप आपल्या माथी आहेच, ते फेडू जमेल तसं. पण वेळेत कळलं हो. अकरा हजार गावं वाचली. ऐकताय ना?"

हेमलताबाईंनी फोन कानापासून खाली घेतला.

गजराबाईला फोनमधलं ऐकू आलं असावं. ती सूप घेऊन जवळ सरकली आणि आपल्याकडून होईल तेवढी मदत करावी अशा मायेने म्हणाली, "ती अकरा हजार गावं कुटली कुटली हाईत, ताई? नावं वाचा की. आमचं कुटं कुटं पोचलंय ते सांगते मी."