आरशावर नंबर नव्हता

“तुझ्या हातची भाकरी नको मला, संयोगिता!” हंबीररावांनी ताट असं लोटलं की आमटी फरशीवर सांडली. “सख्ख्या भावाचं नाव साहेबाला सांगणारी लेक... अगं, कुठं फेडशील हे पाप?”

संयोगितेनं मुकाट्यानं फरशी पुसली. काय सांगणार होती ती आबांना! रणवीरचं ठरलेलं लग्न मोडल्याचा निरोप सकाळीच आला होता. नोकरी गेलेल्याला मुलगी कोण देणार...

बडोद्याच्या त्या विमान कारखान्यात ती आठ वर्षं तपासणी इंजिनिअर होती, धाकटा रणवीर तिथंच फिटर. गणित पक्कं, नजर तीक्ष्ण, आणि स्वभाव असा की स्वतःचंही माप पुन्हा मोजून पाहायची. त्याच संयोगितेनं चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी रणवीरची हत्यारपेटी न उघडताच ‘सगळी हत्यारं पूर्ण’ म्हणून सही केली! माझाच भाऊ, त्यात काय बघायचं... इथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली, तर विमानाच्या आत डोकावायचा लांब दांड्याचा आरसा जागेवर होता, पण त्यावर कारखान्याचा नंबर कोरलेला नव्हता. हरवलेल्या आरशाच्या जागी त्यानं रावपुऱ्याच्या बाजारातून नवा आणून ठेवला होता! काळजावर दगड ठेवून तिनं विमान थांबवलं आणि सगळं लिहून दिलं.

“आबा, बस करो हवे, पुरे आता!” रणवीरला राहवेना. “ताईनं शपथ घातली म्हणून गप्प होतो. मला हाकलूनच देणार होते. ‘पेटी न बघता सही केली, गुन्हा माझा,’ असं तिनं लिहून दिलं, म्हणून राजीनाम्यावर सुटलो. सही करायचा अधिकार काढून घेतलाय तिचा... चार महिने गोदामात कागद लावतेय ती!”

हंबीररावांनी लेकीकडे पाहिलं. “हरवलेला आरसा... सापडला कुठं?”

“विमानाच्या शेपटीत. सुकाणूच्या तारेला खेटून.”

“आणि तसंच उडालं असतं तर?”

रणवीरनं मान खाली घातली. “तार अडकली असती, आबा.”

हंबीरराव कष्टानं उठले. लेकीचे ओले हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. “चुकलो गं मी, बाळ... सहीचा अधिकार परत कधी देतील तुला?”

“नाही देणार, आबा,” ती म्हणाली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच घरच्यांसमोर हमसून हमसून रडली.