पहिले दोन हंडे

फोन वडखळ नाक्यावरच्या सायकलच्या दुकानातून आला होता. बोलणारा पुंडलिक, कोपरखारचा पंच. माणूस सरळ, पण फोनवर ओरडल्याशिवाय आवाज पोचत नाही अशी त्याची पक्की समजूत.

"बाई, तुमचा कागद घेऊन या! आज चार वाजता गाव बसणार हाय. धोंडुबाईला गावातून काढायचं ठरतंय!"

"कसला कागद, पुंडलिक?"

"पाण्याचा! पाणी चांगलं हाय म्हनून तुमीच लिवून दिलंय ना? मग पोरं मेली कशानं? लोक म्हनतात, दोष पाण्यात नाय, तर देणाऱ्या हातात हाय."

वत्सलाबाई चित्र्यांनी फोन ठेवला. रामवाडीतल्या दोन खोल्यांत त्यांची पाणी तपासायची प्रयोगशाळा. अठरा वर्षं त्या पेणच्या आसपासच्या गावांचं पाणी तपासत होत्या. खरं बोलणारी बाई म्हणून त्यांचं नाव होतं, आणि आज त्यांच्याच सहीचा कागद एका म्हातारीला चेटकीण ठरवायला निघाला होता. अहो, काय म्हणावं याला!

सत्त्याऐंशी सालचा चैत्र. ऊन नुसतं भाजून काढत होतं. बाईंनी बाटल्यांची पेटी उचलली आणि अकराची गाडी पकडली.

कोपरखार म्हणजे मिठागरांना टेकलेली पन्नास घरं. विहीर खणली तर खारट पाणी. त्यामुळे सगळा जीव एका नळावर, आणि तोही चौथ्या दिवशी यायचा. नळ धोंडुबाईच्या दाराशी. नवरा, पोर, कोणीच नसलेली बाई. पाण्याची राखण तिनं आपणहून अंगावर घेतलेली.

तीच बाई आज दाराला आतून कडी लावून बसली होती. अंगणात फोडलेली मडकी पडली होती.

"धोंडुबाई, मी पाणीवाली बाई. दार उघड."

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. साठीची, काडीसारखी बाई. डोळे रडून सुजलेले.

"मी काय नाय केलं, बाई. देवाशपथ नाय केलं."

"ते मला ठाऊक आहे. पण मला सगळं सांग. नळ आला की तू काय करतेस?"

"हळदकुंकू वाहते. मग पयला हंडा भरते."

"तो कोणाचा?"

"लेकुरवाळीचा. ज्या घरात बारकं पोर हाय, नायतर पोटुशी बाई हाय, तिचा. दुसराबी तसाच. त्यांनी उनात रांगेत उभं ऱ्हावू नये म्हनून मीच घरी पोचवते. मंग बाकीचं गाव भरतं."

"हे ठरवलं कोणी?"

"मीच. माझं पोर पाण्यावाचून गेलं, बाई. तवा नळ नव्हता. रांगेत माझा नंबर येईस्तोवर..." तिनं पदर डोळ्यांना लावला.

बाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "या वर्षी ते दोन हंडे कोणाच्या घरी गेले?"

"काळुरामाच्या आन् हौसाच्या."

काळुरामची चार वर्षांची शांती मार्गशीर्षात गेली. हौसाचं बाळ माघात पोटातच गेलं. गावानं त्यातून सरळ अर्थ काढला होता. तसा तो दिसतही होता.

बाई काळुरामच्या घरी गेल्या. तो धाटावच्या एका केमिकल कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट करून नुकताच आलेला. आल्या आल्या त्यानं कपडे बाहेरच दोरीवर टाकले, साबण घेतला, कोपरापर्यंत हात घासले, दहादा चूळ भरली. तेव्हा कुठे उंबरा ओलांडला.

"फार स्वच्छता रे तुझी," बाई म्हणाल्या.

"कंपनीची सवय. आमच्या खात्यात पाटीच लावलीय, धुतल्याबिगर खायाचं नाय म्हनून."

त्याची बायको जनी दोन वर्षांच्या शिवाला मांडीवर घेऊन बसली होती. वयानं पोरगीच, पण चेहरा पन्नाशीचा. तिनं पाणी आणून दिलं ते कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून.

"हे कुठलं पाणी?"

"रोह्याचं," काळुराम पटकन म्हणाला. "मी मोटरसायकलवर आणतो. शांती गेल्यापास्नं. त्या चेटकिणीच्या हातचं पाणी माज्या पोराला नको."

"रोज? तीस-पस्तीस किलोमीटर?"

"पोरासाठी काय करायचं नाय मानसानं?"

बाई जनीकडे वळल्या. "शांतीला काय होत होतं गं?"

"पोटात कळ यायची. चार-चार दिस परसाकडं व्हायची नाय. पांढरीफटक पडली व्हती. मंग झटके आले. लोक म्हनले, बाहेरचं हाय."

"आणि तिच्या हिरड्या?"

जनी दचकली. "काळी कड आलेली, बाई. निळीकाळी. मला वाटलं, माजी मिश्री चोरून लावते. मी मारलं तिला. लई मारलं. ती म्हनत व्हती, आये, नाय लावली गो, नाय लावली. मी ऐकलंच नाय!"

ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. काळुराम उठून बाहेर गेला. बाईंनी ते पाहिलं. बापाला लेकीचं दुःख सोसत नसेल, असं कोणालाही वाटलं असतं.

मग त्यांनी पुंडलिकला गाठलं.

"गावातली ही नळी कधी टाकली?"

"दोन वर्सं झाली. लोखंडाची दोनदा टाकली, पन या खाऱ्या मातीत लोखंड टिकतंय व्हय? दोन पावसाळ्यांत चाळणी! मंग काळुरामानं ही आणली. कंपनीच्या जुन्या सामानातली, फुकट. गंजायचं नाव नाय. वाकवली की वाकते. गावानं सत्कार केला व्हता त्याचा, नारळ देऊन."

"मुख्य लाइनीपासून नळापर्यंत मोजून चाल बघू."

पुंडलिकनं मोजलं. पंचाहत्तर पावलं. नळी सगळी उतारावर. नळ फिरवून बंद केला की नळीतलं पाणी चार दिवस कुठे जाणार? ते तिथंच साचून राहायचं. बाईंनी केसातला आकडा काढून नळाशी उघड्या पडलेल्या नळीवर ओरखडा काढला. वरच्या डांबराच्या थराखाली चांदीसारखी चकाकी निघाली. त्यांनी नख दाबलं, तर ते रुतलं.

"काय झालं, बाई?"

"पुंडलिक, मी दर महिन्याला येते तेव्हा बाटली कशी भरते, आठवतं?"

"व्हय की. रांग संपल्यावर. नळ सोडून द्यायचा, त्याचं तोंड स्पिरिटनं जाळायचं, पाणी चांगलं वाहू द्यायचं, मंग बाटली. आमच्या बाया चिडतात, केवढं पाणी वाया घालवते म्हनून."

"जंतू शोधायचे असले की तसंच करायचं असतं," बाई हळूच म्हणाल्या. पुंडलिकला काही कळलं नाही.

साडेतीनला नळ घुरघुरला. गाव जमलं होतंच. धोंडुबाईला दोन बायांनी दंडाला धरून आणलं होतं. कोणीतरी तिच्यावर थुंकलं.

"थांबा!" वत्सलाबाई कडाडल्या. "आज पहिलं पाणी मी घेणार. आणि नळ कोण सोडणार? तूच सोड, जनी. धोंडुबाई वीस हात लांब उभी राहू दे. तिचा हात नको, सावली नको."

जनीनं नळ सोडला. बाईंनी पहिल्याच धारेखाली काचेची एक नळी भरली. मग लोक आपापले हंडे भरत राहिले, आणि चौथा हंडा झाल्यावर बाईंनी दुसरी नळी भरली. दोन्हींत पाणी सारखंच, स्वच्छ. पेटीतून त्यांनी एक तपकिरी कुपी काढली. धातू शोधायचे थेंब. इतक्या वर्षांत त्यांना ते कोणी मागितलेच नव्हते. दोन्हींत चार-चार थेंब टाकले.

चौथ्या हंड्यानंतरचं पाणी तसंच राहिलं. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं.

गर्दीतून 'आई गं' असा एकच सूर निघाला.

"हे शिसं," बाई म्हणाल्या. "मासे धरायच्या जाळ्याला गोळ्या लावता ना, तेच. ते पोटात थोडं थोडं गेलं की माणूस पांढरा पडतो, पोटात कळा येतात, हिरड्यांना काळी कड येते. मोठा माणूस सोसतो. लहान पोराला झटके येतात, पोटातलं बाळ जातं. तुमची नळी शिशाची आहे. आपलं धरणाचं पाणी मऊ, क्षार कमी असलेलं; ते चार दिवस तिच्यात उभं राहिलं की शिसं खातं. पंचाहत्तर पावलांच्या नळीत पाणी मावतं किती? दोन हंडे. फक्त दोन. तिसऱ्या हंड्यापासून ताजं पाणी येतं, म्हणून बाकीचं गाव ठणठणीत राहिलं. आणि मी सगळ्यांत शेवटी यायची, पाणी सोडून द्यायची आणि 'चांगलं' लिहायची. माझा कागद खोटा नव्हता, पण मी चुकीचं पाणी तपासलं. त्याची लाज मला आयुष्यभर पुरेल."

"म्हंजे धोंडुबाईनं काय नाय केलं?" पुंडलिकनं विचारलं.

"नाही. आणि ही गोष्ट चार महिने एका माणसाला ठाऊक होती." बाई वळल्या. "काळुराम, पुढे ये."

तो गर्दीत आणखी मागे सरकला.

"तुला चेटकाची भीती होती म्हणतोस. मग नळ स्वतःच्या हातानं सोडायचास! जनीला रांगेत उभी करायचीस! धोंडुबाईचा हात चुकवायला रोहा कशाला गाठावा लागतो? तुला हाताची भीती नव्हती रे. तुला नळीची होती. तू कुठल्या खात्यात आहेस?"

"शिशाच्या," तो पुटपुटला.

"तिथं हिरड्यांना कड आलेली माणसं पाहिलीस?"

"पायली. दोघं." "नळी आणली तवा ठाव नव्हतं, बाई. आयशपथ! तिच्यातनं आसिड जायाचं, तरी सडायची नाय. मला वाटलं, गावाचं भलं व्हईल. शांतीला तिरडीवर ठेवली तवा तिचं तोंड उघडं ऱ्हायलं व्हतं. तवा दिसली कड. तवा कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुनाला बोलू? नारळ दिलाय गावानं मला. जनीनं माजं तोंड बगितलं असतं का? लोक धोंडुबाईचं नाव घ्यायला लागले, आन् मी... मी घेऊ दिलं. मंग मीबी घेतलं."

"मार्गशीर्षात बोलला असतास तर हौसाचं बाळ वाचलं असतं."

हौसाचा नवरा काळुरामवर धावून गेला, त्याला चौघांनी आवरलं. जनी मात्र जागची हलली नाही. ती नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू हा माणूस कोण, हे तिला आठवत नव्हतं.

"नळी आजच उखडायची," बाई म्हणाल्या. "मी वर कळवते. त्यात याचं नाव असेल आणि माझंही."

पुंडलिकनं डोक्यावरची टोपी काढली आणि तो धोंडुबाईसमोर गेला. "मावशे, गाव चुकलं. पाया पडतो तुज्या."

धोंडुबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती त्या काळपट पाण्याकडे बघत होती.

"बाई, एक इचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"पयला हंडा मी कुनालाच दिला नसता, वतून टाकला असता, तर शांती जगली असती?"

हिला आता खोटं सांगावं, असं वत्सलाबाईंना मनापासून वाटलं. पण गावासमोर, आजच्या दिवशी, पुन्हा एकदा चुकीचं उत्तर द्यायची त्यांची छाती झाली नाही.

"जगली असती," त्या म्हणाल्या.

धोंडुबाईनं मान हलवली. घरात गेली, दोन लुगडी फडक्यात बांधून बाहेर आली. लोक आडवे आले.

"तुमी काढत व्हता तवा मी जाणार नव्हते," ती म्हणाली. "मी भांडणार व्हते. माजं मन साफ व्हतं. आता कुठल्या तोंडानं ऱ्हावू? माज्या हातांनी गेलं सगळं. सोडा मला."

तेवढ्यात जनी पुढे आली. शिवा तिच्या कडेवर. तिनं धोंडुबाईच्या हातातलं गाठोडं धरलं.

"मंग मीबी निघते, काकू."

"तू कशाला गो?"

"हंडा तुजा व्हता. पेला माजा व्हता. ती नको म्हनायची, आये, पोट दुखतंय म्हनायची. मीच तिचं तोंड धरून पाजायचे, काकूनं मायेनं धाडलंय म्हनून. तुजे हात वाईट, तर माजे कुठं ठेवू?"

धोंडुबाईच्या हातून गाठोडं सुटलं. तिनं जनीला जवळ ओढलं आणि इतके महिने छातीत दाबून ठेवलेला हंबरडा फोडला. दोघी तिथंच ओल्या मातीत बसल्या. शिवा घाबरून रडायला लागला, तेव्हा धोंडुबाईनं त्याला मांडीवर घेतलं. जनीनं त्याला तिच्याजवळ राहू दिलं.