खिशाखालचा रंग

गच्चीवरच्या दोरीला सहा चिमटे ओळीत लावलेले होते. कापड नव्हतं.

"वाऱ्यानं नेलं काय वो?" राई गावची सरूबाई म्हणाली.

"वारा चिमटे परत लावून जात नाही," गिरिजाबाई म्हणाल्या.

सरूबाईचा नवरा मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. वीस वर्षं एकच करडा लोकरी कोट. घरी आला की रोज उन्हात टाकायचा. नवरा वारला, आणि परवा सरूबाईनं कोट उसवला. छातीवरच्या खिशात अर्धी बिडी निघाली. काल इथंच जेसल पार्कात, गिरिजाबाईंच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर, व्हिनेगर घातलेल्या पातेल्यात तिनं ते कापड मरून रंगात बुडवलं आणि गच्चीवर वाळत घातलं. त्याचा लेक दिव्यासाठी स्कार्फ करायचा होता. ती उद्या देहरादूनला नर्सिंगसाठी निघणार होती.

गच्चीची दुसरी किल्ली वरच्या मजल्यावरच्या संपदाकडे होती. दोघी तिच्या दारात पोचल्या तेव्हा इस्त्री चालू होती. इस्त्रीखाली मरून लोकर.

"हे माझंय, काकू. उद्या प्रदर्शनात देतेय."

"कापड कुठलं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"ऑनलाइन मागवलं. कोरं."

"आधी कधी शिवलेलं?"

"कोरं म्हणतेय ना! सुईसुद्धा लागलेली नाही."

"मग हा गडद चौकोन?"

"डिझाइन आहे. तेवढाच भाग दोनदा बुडवला."

"चोरटे!" सरूबाई पुढे झाली. गिरिजाबाईंनी तिचा हात धरला.

"संपदा, रंग मी शिकवला, म्हणून मलाच लाज वाटतेय. नीट ऐक. उन्हानं कोट विटतो, पण खिशाखाली ऊन पोचत नाही. तिथला करडा गडदच राहतो. वरून एकच मरून दिला तरी तो चौकोन दिसणारच. तुझ्या डिझाइनच्या कडेनं ही सुईची भोकं बघ. कोऱ्या कापडाला खिसा कुठून आला? सरूबाई, पिशवीतला खिसा काढ."

परत शिवायला म्हणून जपलेला करडा खिसा सरूबाईनं चौकोनावर ठेवला. कड कडेला बसली. भोकावर भोक.

संपदानं इस्त्री बंद केली. "सॉरी. माझं कापड रंगवताना बिघडलं होतं, आणि उद्याच प्रदर्शन... मी दुसरं कापड देते ना, मावशी. नवीन."

"दुसरं देतंस? मंग नवरा बी दुसरा दे!"

सरूबाईनं ऊन ऊन कापड ओढून घेतलं. जिना उतरताना ती ओरडली, "बाई, सुई द्या. खिसा आत्ता लावते. बिडी बी आत ठेवते."