चालीत न बसणारं गणित

मंदाआत्याला सगळं पाठ होतं, मग ती नापास झालीच कशी? जुईला हे कोडं काही केल्या सुटेना.

चंद्रावरच्या वसाहतीत कायमचं राहायचं, तर तिथल्या विद्यापीठाची परीक्षा द्यावी लागे. आत्याला काचघरात (काचेखालच्या बंदिस्त शेतात) काम करायचं होतं. एकदा ती नापास झाली होती. पुढच्या आठवड्यातल्या परीक्षेतही नापास झाली, तर पृथ्वीवर परत. जुई रोज उरलेले दिवस मोजायची. आत्या मात्र वनस्पतिशास्त्र, इतिहास, गणित, सगळं जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हणत बसलेली.

घरातल्या यंत्रमानवाला सगळे ठोकळा म्हणत. त्याला राहवेना.

"आत्याबाई, टाकीत तीनशे लिटर पाणी आहे. जेवढं असेल त्याचा दहावा भाग रोज उडून जातो. दोन दिवसांनी किती उरेल?"

आत्यानं डोळे मिटले, सूर धरला आणि पहिल्या सूत्रापासून गात सुटली. मध्येच दम लागला.

"थांब, येतंय!"

जुई फिसकन हसली.

"हसतेस काय गं भवाने? माझ्या आजीला शेकडो ओव्या अशाच यायच्या."

"यायच्याच," ठोकळा म्हणाला. "पण ओवी सुरुवातीपासून म्हणतात. परीक्षा मधूनच विचारते. पुस्तक समोर असलं की सगळं ओळखीचं वाटतं. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही आठवत नाही, तसं."

मग त्यानं एकेक विषय हातात घेतला. झाडांची नावं आणि भाग यांच्यासाठी पुनःस्मरण (पुस्तक मिटून आठवून बघणं). पानाची आकृती मनानं काढायची, चुकलं तेवढंच पुस्तकात बघायचं आणि एक दिवस सोडून पुन्हा काढायची. इतिहासात प्रत्येक घटनेला 'का?' विचारायचं आणि जुईला गोष्ट सांगायची. जुई जिथे अडवेल, तिथे आपलं कच्चं आहे असं समजायचं.

"आणि गणित?"

"पोहणं काठावर बसून येतं का? सोडवायचं. तेही सरमिसळ करून. एकाच जातीची दहा गणितं ओळीनं सोडवली, तर कोणती रीत कुठे लावायची हे डोक्याला ठरवावंच लागत नाही."

जुईनं गणितांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून खळखळ हलवल्या. पहिल्या दिवशी आत्याची निम्म्याहून अधिक गणितं चुकली. तिनं पेन्सिल आपटली.

"मेल्या ठोकळ्या, कालपर्यंत सगळं येत होतं! तुझ्यामुळे होतं नव्हतं तेही गेलं."

"गेलं नाही, आत्याबाई. नव्हतं, ते आज दिसलं. आठवताना डोकं शिणतं, तेव्हाच ते शिकत असतं."

आत्या फुरंगटली. पण चहा पिऊन झाल्यावर तिनं स्वतःच डब्यात हात घातला.

परीक्षेच्या दिवशी जुई दाराशी नखं कुरतडत उभी होती. निकाल तिथल्या तिथेच लागे. आत्या बाहेर आली ती पदर खोचून, ताठ.

"पास! गणितात काठावर, पण पास!"

जुईनं तिला अशी मिठी मारली, की चंद्रावरच्या हलक्या वजनामुळे दोघीही हातभर उंच उडाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघं काचघरात गेली. करडी, कोरडी माती. आत्यानं ती चिमटीत घेऊन चुरली.

"ठोकळ्या, हिच्यात भुईमूग कसा लावायचा? कुठल्या पुस्तकात आहे?"

"अजून कुठल्याच नाही."

"मग अभ्यास कसा करायचा?"

"लावून बघायचा, चुकेल ते टिपून ठेवायचं, आणि पुन्हा लावायचा."

आत्यानं जुईच्या तळहातावर चार शेंगदाणे ठेवले.

"चल गं. आधी दोन उथळ लाव, दोन खोल. बघू कोण वर येतं."