भावजयीच्या टाकीतला पंप

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पटावी असा माझा आग्रह नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडली, म्हणून सांगते.

माझ्या थोरल्या मुलाचं लग्न झालं, ते वर्ष. थंडीचे दिवस होते. लग्नाला सगळे आले, फक्त माझी भावजय नव्हती. ती दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं तिच्या.

भाऊ उभ्या उभ्या तोंड दाखवून गेला. जेवायलाही थांबला नाही.

माझा हा धाकटा भाऊ मोटारी दुरुस्त करायचा. पाण्याच्या मोटारी, पंखे, पंप, समोर येईल ते. पुढे दुकान, मागे घर. अख्खा रस्ता त्याला मिस्त्री म्हणायचा. भावजयसुद्धा रागावली की मिस्त्रीच म्हणायची.

त्याची एक पद्धत होती. त्याच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब पेचकस होता. त्याचं टोक चालू मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय घासतंय, काय सैल झालंय, ते तो बिनचूक सांगायचा.

आवाज त्याला सहन होत नसे. "कुरकुरणारं मशीन म्हणजे रडणारं मूल, आक्का," म्हणायचा. "कडेवर घेतल्याशिवाय राहवत नाही."

त्यांना मूल नव्हतं. मासे होते.

मागच्या खोलीत, खाटेला लागून, काचेची मोठी टाकी होती. ती भावजयीची. केशरी मासे आणि एक काळा, मोठ्या डोळ्यांचा. तो सारख्या फेऱ्या मारायचा म्हणून त्याला ती हवालदार म्हणायची. पाण्यात बोट घातलं की सगळे तिच्या बोटाशी यायचे. दुसऱ्या कुणाच्या बोटाला विचारायचे नाहीत.

टाकीत एक छोटा पंप होता. पाणी फिरवायचा, हवा सोडायचा. चालू आहे की बंद, तेही कळू नये इतका गुपचूप. भावाने निवडून आणलेला. दुसरं काय असणार?

लग्नाची गडबड सरली आणि मी भावाकडे राहायला आले. त्याच्या खाण्यापिण्याचं बघायला कुणीतरी हवं होतं. त्या संध्याकाळी तो दवाखान्यातून तिची शाल न्यायला आला होता. मी शालीची घडी घालत होते. तो माशांना खाणं टाकत होता.

आणि पंप वाजायला लागला...

टक... खर्र... टक... खर्र...

भावाने मान वर केली. "सकाळपर्यंत तर बरा होता."

त्याने हात पाण्यात घातला, तेवढ्यात फोन वाजला.

दवाखान्यातून होता. भावजयीचं हृदय मध्येच थांबलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून दाबून परत सुरू केलं होतं. लगेच या म्हणाले.

आम्ही पळालो. पंपाकडे कोण बघतं?

ती वाचली. डॉक्टरांनाही नवल वाटलं. पुढे काही दिवसांनी घरी सोडलं तेव्हा म्हणाले, "आता औषधापेक्षा झोप महत्त्वाची. जितकी झोपतील तितक्या लवकर उठतील."

झोपच येत नव्हती तिला.

मी बघायची तेव्हा डोळे उघडे. पहाटे, दुपारी, कधीही. खाटेवर टेकून टाकीकडे बघत बसलेली.

आणि पंप चालू... टक... खर्र...

"हा आवाज झोपू देत नसेल तुला," मी म्हटलं.

"सवतीसारखा उशाशी बसलाय वन्सं," ती हसून म्हणाली. मला ती वन्सं म्हणायची. "तुमच्या भावाला सांगा, जगाच्या मोटारी दुरुस्त करतात, बायकोची तेवढी राहिली."

भावाला तेवढंच पुरे होतं.

आधी त्याने टाकीखाली जाड फोम घातला. कधी कधी पंप चांगला असतो, टेबल वाजतं. फरक पडला नाही. पंप काचेला टेकला होता, तो सुटा केला. तरी आवाज होताच. मग त्याने बटण बंद केलं आणि पंप बाहेर काढला.

भावजय तेव्हा माझ्याशी बोलत होती. "पुढच्या वेळी येताना सूनबाईंना..." एवढं म्हणाली.

आणि मान कलली. झोपली.

भाऊ ओल्या हातांनी तसाच बघत राहिला. मग मला खूण केली, की शू.

त्याने पंप उघडला. आतली चक्री शेवाळाने भरली होती. ती ब्रशने घासली, पुसली, परत बसवली. भावजय गाढ झोपलेली. कूस नाही, हूं नाही, चूं नाही. किती बरं वाटलं आम्हाला.

त्याने बटण दाबलं.

टक... खर्र...

तिने डोळे उघडले. "...घेऊन या," ती म्हणाली. "मला अजून नीट बघायचीय ती."

तिचं वाक्य जिथे तुटलं होतं, तिथूनच तिने पुढे जोडलं.

मला जरा चमत्कारिक वाटलं. भावाला मात्र खजिना सापडला होता. "बघितलंस? आवाज थांबला की झोप. इतकं सोपं होतं."

"मग बंदच ठेव की तो," मी म्हटलं.

"मासे मरतील आक्का. मग ती झोपेतून उठून मला मारेल." तो किती दिवसांनी हसला. "थांब. असा गप्प करतो की चालू असूनही वाजणार नाही."

माझा भाऊ त्या कामाला लागला. रोज दुपारी दुकान बंद करायचा आणि पंप काढून बसायचा. पंप बाहेर, की ती झोपलेली. पंप आत, की ती जागी. आम्ही दोघं ती झोप बघून खूश व्हायचो. डॉक्टर म्हणालेच होते ना.

काही गोष्टी तेव्हाही दिसत होत्या. आम्ही त्यांना काहीबाही नावं दिली.

दवाखान्यात ठोके दाखवणारं यंत्र मधेच सपाट रेघ काढायचं; वायर सैल आहे, म्हणाले होते. घरी टोचायला येणाऱ्या नर्सबाईंना तिची नाडी लागायची नाही. मनगट दाबून दाबून बघायच्या. "हात गार आहेत, थंडीने लागत नाही," म्हणायच्या.

भावजय काचेला नाक लावून मासे बघायची. माझ्या श्वासाने काच धुरकट व्हायची. तिच्यासमोरची काच... स्वच्छ.

तिने पाण्यात बोट घातलं तर एकही मासा आला नाही.

सगळे पंपाभोवती गोळा झाले होते. तोंडाने त्याला ढुशा देत होते... जसे पूर्वी तिच्या बोटाला द्यायचे.

"विसरले मला मेले," ती म्हणाली. "हवालदारसुद्धा फितूर झाला."

शेवटी भावाने पंपाची दांडी बदलली. जुनी झिजून वाकडी झाली होती, तीच आत घासत होती. चक्रीही नवी घातली. जुने तुकडे दुकानाच्या भंगारात फेकले. काम झकास झालं. आवाज एकदम उतरला. खोलीच्या दारातून ऐकू येईना, जवळ गेलं तरच कळायचा.

त्या दिवसापासून भावजयीला उठून बसवेना.

भाऊ डॉक्टरांकडे जाऊन आला. अशक्तपणा आहे, वेळ लागेल, पुढच्या आठवड्यात घेऊन या, म्हणाले. आम्ही मान हलवली.

दुसऱ्या दुपारी भाऊ पेचकस घेऊन आला. उरलेला एवढासा आवाज त्याला पकडायचा होता. टोक पंपावर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

मग त्याने डोळे उघडले.

"आक्का, हे चक्रीचं नाही."

"मग?"

"तूच ऐक."

मी मूठ कानामागे धरली. आधी पाण्याची घरघर आली. मग तिच्या आत... लांबून... धप... आणि मागून काहीतरी ओढल्यासारखं. धप... परत ओढल्यासारखं. जिना चढताना दमलेलं माणूस कसं पाऊल टाकतं, तसं.

"माझ्यावरही लावा की," भावजय खाटेवरून हळूच म्हणाली. "मी पण जुनीच मोटर आहे."

आम्ही हसलो. भावाने गंमत म्हणून पेचकस उलटा केला, मुठीची बाजू तिच्या छातीवर ठेवली आणि टोकावर बोट धरून त्या बोटाला कान टेकवला.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले.

त्याने मूठ जरा डावीकडे सरकवली. मग वर. मग तिची पाठ बघितली. मग स्वतःच्या छातीवर लावून बघितलं. मग माझ्या छातीवर. आणि परत तिच्या.

"काय हो मिस्त्री? बिघाड सापडला?"

"नाही," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मशीनबद्दल खोटं बोलताना ऐकलं. पेचकस त्याने माझ्याकडे दिला नाही. दुकानात आल्यावर सांगितलं.

"आत काहीच नाही आक्का. बंद मोटर असते ना... तसं."

मी म्हटलं, तुझा कान चुकला असेल. पण त्याचा कान चुकत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

"पंप वाजायला कधी लागला?" त्याने विचारलं.

मला शालीची घडी आठवली. फोन आठवला. 

"मी पंप काढायचो तेव्हा ती झोपत नव्हती," तो म्हणाला.

मग त्याने भंगाराचा डबा जमिनीवर उपडा केला. जुनी दांडी शोधत होता. ती वाकडी, झिजलेली दांडी. मीही गुडघ्यांवर बसून शोधली. तारा, खिळे, तुटके पंखे... दांडी नव्हती. सकाळीच भंगारवाला येऊन डबा रिकामा करून गेला होता. डब्यात होतं ते सगळं त्यानंतरचं. भाऊ सायकल काढून गेला आणि अंधार पडल्यावर हात हलवत परत आला. सगळा माल ट्रकमधून गेला होता.

पुढचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

ज्याने जन्मभर आवाज घालवले, तो माणूस आवाज परत घालायला बसला. चक्रीला कानस लावली. दांडी हातोडीने वाकवली. पंपात चिमूटभर वाळू टाकली. हे सगळं घाईघाईने, पंप जेवढा कमी वेळ बंद राहील तेवढं बरं. हात चिरले त्याचे.

पंप वाजायचा, चांगला खडखडायचा. तो लगेच पेचकस कानाला लावायचा.

"ही वाळू वाजतेय," म्हणायचा. "ती नाही."

त्या खडखडाटाखाली ते धप... धप... रोज जरा दूर जात होतं. नव्या दांडी-चक्रीत त्याला अडायला जागाच नव्हती. पाण्याबरोबर गुळगुळीत फिरून जात होतं.

दिवे जातील म्हणून त्याने दुकानातली मोठी बॅटरी आणून जोडली. वायरीपाशी मला फिरकू देईना. जेवायचं ताट तसंच राहायचं. मी एकदा म्हटलं, "अरे, दवाखान्यात नेऊ."

"आणि मागे पंप थांबला तर?" त्याने विचारलं.

 टाकी बरोबर न्यायची तर पाणी उपसून पंप काढावा लागणार होता.

शेवटच्या दुपारी खिडकीतून ऊन आलं होतं. भावजय पडून होती. ओठ हलले तसं मी कान जवळ नेला.

"यांना बोलवा."

तो जवळच होता, टाकीत कोपरापर्यंत हात घालून. ती त्याच्याकडे बघत होती.

"अहो, राहू द्या आता," ती म्हणाली. "वाळू काढा. माशांच्या डोळ्यांत जाते."

"थोडं थांब. जमतंय मला."

"काम छान झालंय तुमचं. मला तर आता काहीच ऐकू येत नाही."

भाऊ लहान मुलासारखा मान हलवत राहिला. नाही, नाही.

"बघा," ती म्हणाली, "किती शांत..."

ते वाक्य तिने पुढे जोडलं नाही.

पंप चालू होता. बुडबुडे येत होते. खडखड थांबली होती, वाळू कुठे गेली कोण जाणे. भावाने पेचकस लावला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याने तो खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

इतका चांगला चालणारा पंप त्याच्या हातून कधी झाला नव्हता.

पंपाभोवतीचे मासे एक एक करून सुटले आणि टाकीभर पांगले. हवालदार फेऱ्या मारायला लागला.

डॉक्टर आले. त्यांनी हात लावला आणि विचारलं, "कधी गेल्या?"

"आत्ता," मी म्हटलं.

त्यांनी परत हात लावून बघितला. "आत्ता?" ते म्हणाले. "हात तर कधीचे गार पडलेत." मग लिहायला घेतलं.

मी पुष्कळ विचार केलाय. त्या संध्याकाळी दवाखान्यात तिचं हृदय थांबलं तेव्हा परत आलं ते काय? ते छातीत न जाता त्या एवढ्याशा पंपात का गेलं? नवऱ्याने निवडून आणलेलं यंत्र, म्हणून? आणि मग इतके दिवस मी जिचे केस विंचरले, जी माझ्याशी थट्टा करत होती... ती कोण होती?

 आता विचारायलाही कुणी उरलं नाही.

भावाने नंतर दुकान चालवलं, पण कुठलंच मशीन पूर्ण गप्प केलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, थोडा आवाज राहिलाय."

"राहू द्या," तो म्हणायचा.

तो लांब पेचकस आता माझ्या कपाटात आहे. मला अलीकडे रात्री धाप लागते. नात म्हणते, आजी, एकदा तपासून घे. पेचकस हातात घेते... मूठ छातीपर्यंत नेते... आणि परत ठेवून देते.

माझी भावजय गेली ती माझ्या मुलाच्या लग्नाच्या वर्षी, थंडी संपता संपता, दुपारी. डॉक्टरांच्या कागदावर तसंच आहे. भाऊ मात्र मरेपर्यंत म्हणत राहिला की ती त्याआधीच, त्या शालीच्या संध्याकाळी गेली होती.

भाऊ गेल्या वर्षी गेला.