वरची गाडी

चिमटीच्या थोरल्या ताईचं लग्न झालं, त्या वर्षीच्या सुट्टीतली ही गोष्ट. डोंगरमाथ्यावरच्या स्मारकाचे दगड आजोबांनी तरुणपणी घडवले होते; पण पायथ्याच्या खाणीत बसून. उभं स्मारक त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता गुडघे गेलेले, म्हणून चिमटी आणि तिचा मावसभाऊ ढब्बू त्यांना डोंगरगाडीने न्यायला निघाले. संध्याकाळी परतीची बस होती.

सकाळी आठला स्टेशनवरचा कर्णा खरखरला : वरची गाडी दोन नंबरवर येत आहे. आजोबा एकेक पायरी मोजत पूल ओलांडून गेले. गाडी आली, माणसं उतरली आणि गाडी शेडमध्ये गेली! तेवढ्यात एक नंबरवरून दुसरीच गाडी जवळजवळ रिकामी डोंगर चढू लागली. दहाला पुन्हा तेच. खिडकीतल्या मास्तरांनी मान वर न करता, नीट ऐकत जा म्हणून सुनावलं. आता दुपारची शेवटची गाडी तेवढी उरली होती.

"राहू दे पोरांनो," आजोबा बाकावर टेकत म्हणाले. "दगड तर पाहिलेत मी."

चिमटीला रडूच फुटायचं बाकी होतं. ढब्बू म्हणाला, दोन नंबरवर उतरणारे सगळे स्वेटर घालून असतात. स्वेटर? या उकाड्यात? म्हणजे ते वरून येतात! चिमटी रुळांना तेल घालणाऱ्या सांधेवाल्याकडे धावली.

"वरून येते ती वरची," तो म्हणाला. "इथून सुटते ती खालची. आम्ही तसंच म्हणतो."

मास्तरांना सांगितलं, तर वीस वर्षांत कुणाची तक्रार नाही म्हणाले. मग आणखी कुणाकुणाची गाडी अशी चुकली, याची चिमटीने दोन नंबरवर चौकशी केली. आठपासून ताटकळलेल्या एक आजीबाई जावयाच्या नावाने बोटं मोडत होत्या. जावई कोण, तर मास्तरच! चिमटी त्यांना थेट खिडकीशी घेऊन आली.

"काय हो जावईबापू, वरची गाडी वर जात नाही होय?"

मास्तर ताडकन उभे राहिले. कर्ण्यावर पहिल्यांदाच नीट शब्द आले : वर जाणारी गाडी एक नंबरवर आहे, सगळे चढल्याशिवाय सुटणार नाही. आजीबाईंनी चिमटीची पाठ थोपटली. पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे मास्तरांनी सासूबाईंसमोर कबूल केलं.

माथ्यावर आजोबा भिंतीवरून तळवा फिरवत हिंडले. "हा माझा. हा नाही, इतकं वेडंवाकडं काम माझं नव्हे."

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला आजोबा वारले.