तिसरा दिवा आणि नववी बाटली

बर्फाखालच्या सरोवराचं पाणी आजवर माणसाच्या हाती लागलं नव्हतं, आणि ते आणायचंच असा ताईने पण केला होता. ताई पाण्याची अभ्यासक. पाच उन्हाळे तिने त्या पांढऱ्या पठारावर तंबूत काढले, बर्फाला भोक पाडता पाडता दोन यंत्रं मोडली, आणि सहाव्या उन्हाळ्यात मोजून नऊ बाटल्या भरल्या. सूर्य कधीच न पाहिलेलं पाणी! हवा लागली की ते अभ्यासाला कुचकामी, म्हणून बाटल्यांची तोंडं मेणाने बंद केलेली. तिने स्वतःही त्या पाण्याला उघड्या हाताने स्पर्श केला नव्हता.

परतीच्या छोट्या, दोन इंजिनांच्या विमानात तिघंच होती. पायलट होती सूनबाई आणि मेकॅनिक होते तिचे सासरे. घरात सासऱ्यांचा शब्द चाले, विमानात सुनेचा. आणि दोघंही दुसऱ्याच्या हद्दीत तोंड घालत नसत. उड्डाण करताना बर्फाचा एक टोकदार तुकडा उडून विमानाच्या पोटावर खाडकन आपटला. सासऱ्यांनी कान टवकारले, पण मग सगळं ठीक वाटलं.

आणि समोर काय दिसत होतं! शिखरांमागून शिखरं, त्यांच्या कुशीत निळ्याशार भेगा, आणि त्या सगळ्यावरून धावणारी विमानाची इवलीशी सावली. दोन तास असेच गेले. ताईने मांडीवरच्या पेटीवर हात ठेवला होता. एवढ्या मोठ्या जगाने आपल्याला नऊ बाटल्या दिल्या, या विचाराने तिला भरून आलं.

दरीतली खडीची धावपट्टी दिसली. सूनबाईने चाकं सोडली. चाक पक्कं बसलं की त्याचा हिरवा दिवा लागे. एक लागला. दुसरा लागला. तिसरा लागेना!

"मामंजी, डावं चाक अर्ध्यात लटकलंय. आणि बाकीची वरही जाईनात."

सासऱ्यांनी सीटमागचं झाकण उघडलं. चाकं ढकलणाऱ्या तेलाची टाकी कोरडी ठणठणीत!

"नळी चिरलीय. त्या बर्फाच्या तुकड्याचंच काम."

"मग डब्यातलं तेल ओता ना!"

ताईने मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं. सकाळी वजन जास्त भरलं, तेव्हा शेवटच्या दोन बाटल्या बसाव्यात म्हणून तेलाचा तो डबा तिनेच खाली ठेवायला लावला होता.

"डबा नाहीये. मी... मी उतरवला."

"मी उतरवू दिला. मेकॅनिक मी आहे की तुम्ही?" सासरे म्हणाले. "रडगाणं नंतर. प्यायचं पाणी काढा! टाकीत काहीतरी पातळ हवं, मग हातपंपाने जोर लावतो. गळतंय त्याहून भरभर मारलं, तर चाक बसेल."

विमान दरीवर घिरट्या घालू लागलं. प्यायचं पाणी ओतलं. सासऱ्यांनी पंपाचा दांडा हाणला. चाक वीतभर हललं आणि थांबलं. मग थर्मासमधला चहा.

"साखर आहे का यात? चिकटेल सगळं!"

"तुमची साखर डॉक्टरांनी बंद केलीय, विसरलात?" सूनबाई पुढूनच ओरडली.

चहाही संपला. दांडा पुन्हा सैल पडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा, तसा इंधनाचा काटाही खाली आला.

"पंधरा मिनिटं," सूनबाई म्हणाली. "एका बाजूला कलंडलो तर पंखातलं इंधन पेट घेईल."

सासरे घाम पुसत खिडकीबाहेर बघत राहिले. पेटीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माणूस मुद्दाम बघत नाहीये, हे ताईला कळलं, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. शिर सलामत तर पगडी पचास, म्हणतात. पण इथे पन्नास कुठे होत्या? नऊच तर होत्या!

तिने पेटी उघडली. चाकूने मेण फोडलं.

"ताई, अहो..."

"पंप मारा!"

पहिली बाटली गेली. दुसरी गेली. हातमोजे घसरायला लागले, तिने ते दातांनी ओढून फेकले. दांडा जड झाला. चौथी! पाचवी! सासऱ्यांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या. सहावी! सातवी! बाटलीगणिक तिचे सहा उन्हाळे रिकामे होत होते आणि ताई रडत रडत ओतत होती. आठवी! तिने नववीचं मेण फोडलं, बाटली कलती केली, आणि...

धाडकन! खाली काहीतरी अडकलं. तिसरा हिरवा दिवा!

"बसा! पट्टे बांधा!"

ताईने बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला. जमीन वर आली. उजवं चाक टेकलं. मग डावं. खडी उडाली, विमान थरथरलं, तिरपं झालं, सावरलं... आणि थांबलं. धावपट्टीच्या टोकाला वीसेक पावलं उरली होती.

इंजिनं बंद झाली. तिघं खाली उतरली. डाव्या चाकाशी तेल-चहा मिसळलेलं लालसर पाणी ठिबकत होतं आणि उन्हात वाळत होतं.

सासरे खडीवर मटकन बसले. ओठ सुकले होते. "घोटभर पाणी..." म्हणाले, आणि त्यांनी एकदम जीभ चावली. पाणी सगळं ओतलं होतं ना!

ताईचा अंगठा अजून बाटलीच्या तोंडावर होता. उघडा अंगठा. गार पाण्याने बधिर झालेला.

"हिला हवा लागली," ती म्हणाली. "अभ्यासाला ही गेली."

आधी तिने स्वतः एक घोट घेतला. सूनबाई पुढे वाकली. "कसं आहे हो?"

ताईने डोळे मिटले. हसू आणि रडू एकदमच आलं तिला.

"पाण्यासारखंच आहे!"

सासऱ्यांनी टोपी काढली, हात विमानाच्या ग्रीसने काळे होते ते पॅन्टला पुसले, आणि ओंजळ पुढे केली.